दार उघडायलंय

दिगंबर गेल्याचं सुनंदावहिनींनी फोनवर सांगितलं, तेव्हा माझ्या तोंडून पहिल्यांदा निघालं ते, "आणि तिसरा भाग?" वहिनी रडता रडता म्हणाल्या, "तुमी बी ह्यांच्यासारखेच." महिना होत आला, तरी तो प्रश्न काही जात नाही...

वालूरच्या शाळेत इतिहास शिकवणारा हा माझा मित्र निम्मं आयुष्य एका कल्पनेतल्या राज्याची कादंबरी लिहीत होता. एक राणी, तिचे पाच सरदार आणि त्यांतला एक फितूर. कोण, ते तिसऱ्या भागात कळणार होतं. दरबारातले डाव त्यानं गावच्या सोसायटीच्या निवडणुकीतून उचललेले. त्याचे सरदार कधी भांडत नसत, चहा पाजून काटा काढत. जादू मात्र त्याची स्वतःची. मंत्र नाही, हुकूम नाही. त्याचा जादूगार बंद दारापुढं उभा राहून एवढंच म्हणे, "दार उघडायलंय," आणि ते उघडू लागे. पण न होणारी गोष्ट होतेय म्हटली, तर त्याची वाचा कायमची जायची. आमच्या परभणीकडच्या बोलण्यातल्या एवढ्याशा क्रियापदावर त्यानं अख्खं राज्य उभं केलं, याचा मला हेवा वाटायचा.

पहिले दोन भाग एका प्रकाशकाकडे गेले. संपादकांनी मन लावून वाचले आणि जादूगाराची भाषा शुद्ध करून पाठवली. 'दार उघडत आहे.' मी दिगंबरला म्हटलं, छापून तर येऊ दे, पुढच्या आवृत्तीत बघू. तो म्हणाला, "अरे, ही तर स्टेशनावरली बाई बोलायलीय. गाडी येत आहे म्हणती, अन् गाडी येतच न्हाई." गठ्ठा परत मागवला. संपादकांचा मला राग आहेच, पण ह्या हटवाद्याचा जास्त आहे. तिसरा भाग कधी, असं विचारलं की हसून म्हणायचा, "व्हायलंय." वर्षानुवर्षं एकच उत्तर!

परभणीच्या दवाखान्यात शेवटचा भेटलो. फितूर कोण ते आता तरी सांग, हे ओठांवर आलं होतं; विचारली तब्येत. नळ्या सांभाळत तो म्हणाला, "बरं व्हायलंय."

दुसऱ्या दिवशी त्याचं बोलणं बंद झालं, ते परत आलंच नाही. डॉक्टरांनी मेंदूतल्या रक्तस्रावाचं सांगितलं. मला त्याचा नियम पाठ होता. मला बरं वाटावं म्हणून स्वतःचाच नियम मोडायची काय गरज होती त्याला?

तिसरा भाग वहिनींनी वाचला. फितुराच्या बंद दारापुढं जादूगार उभा राहतो, तिथंच तो भाग थांबलाय. फितूर कोण, ते त्यांनाही ठाऊक नाही.

परवा वालूरला गेलो. दिगंबरच्या खोलीचं दार फुगून चौकटीत अडकतं. तो आधी दारावर हात ठेवून ते वाक्य म्हणायचा, मग खांदा लावायचा. मी खांदा लावून पाहिला, हललं नाही. मागं वहिनी उभ्या होत्या. दारावर हात ठेवला आणि म्हटलं, "उघडायलंय..."

दार तसंच राहिलं. वहिनींनी विचारलं, काय झालं. मला बोलताच येईना.