माल्सुनचं खोटं श्राद्ध

आमच्या आंदोंग गावी पानगळीच्या दिवसांत नदीवरचं धुकं बाजारात शिरलं की उन्हं चांगली वर येईपर्यंत हलायचं नाव घेत नाही. माझ्या खारवलेल्या बांगड्यांना ते मानवतं, गिऱ्हाइकाला नाही. म्हणून मी गप बसून शेजारच्या माल्सुनकडे बघत राहते. माल्सुन म्हणजे इन्ग्यूची आई. तिची खाणावळ माझ्या दुकानाला भिंत लावून आहे. पळी हातात घेऊन ती दारात उभी असते, आणि धुक्यातून जो कोणी बाप्या येईल तो लांबून तिला नवऱ्यासारखा दिसतो. तेच खांदे, तशीच संथ चाल. जवळ आला की तो कोबीवाला निघतो, नाहीतर टपालवाला. मग ती आत जाते.

नवरा समुद्रात माकूळ मासे धरणाऱ्या बोटीवर कामाला गेला, तेव्हा इन्ग्यू रांगत होता. बोट परत आली नाही. फळीचा तुकडासुद्धा कुठे किनाऱ्याला लागला नाही.

आणि ही बाई विकते काय, तर खोट्या श्राद्धाचा भात! हसू नका, आमच्या गावचा नावाजलेला पदार्थ आहे. म्हणे जुन्या काळी इथल्या पंडितांना श्राद्धाच्या जेवणाची लहर यायची, पण त्यासाठी मरायला कोणी तयार नसायचं. मग पितरांशिवायच पानं मांडायची. पितळी वाडग्यात भात, त्यावर पालक, मोड, नेच्याचे कोंब, बाजूला माशाचा तुकडा नि मुळ्याचं सार. कालवायला सोया सॉस. लसूण-मिरची औषधालासुद्धा नाही, त्या वासानं पितर उंबऱ्यावरूनच माघारी फिरतात. खाणावळीत माल्सुनचा हात कधी चुकला नाही. घरी मात्र ती पाण्यातसुद्धा लसूण घालील. मी एकदा टोकलं तर म्हणाली, "त्याचं भूत घरात आलं, तर मग मी काय समजायचं?"

ज्याची मरणतिथी ठाऊक नाही, त्याचं श्राद्ध आमच्यात नवव्या महिन्याच्या नवव्या तिथीला घालतात. इन्ग्यूचं लग्न झालं, त्याला मूल झालं, आणि त्यानं आईला सांगितलं की यंदा बापाचं श्राद्ध घालायचंच.

"जित्या माणसाचं श्राद्ध घालतोस?" माल्सुन कडाडली.

"आणि गेला असला तर? एवढी वर्षं उपाशी ठेवलायस तू त्याला."

ते तिला लागलं. दोन दिवसांनी म्हणाली, बरं, पण स्वयंपाक मी करणार.

त्या तिथीला सकाळी तिनं मलाही घरी बोलावलं. मेलेल्याला आत येता यावं म्हणून दार किलकिलं ठेवलेलं, त्यातून धुकं आलं आणि मेणबत्तीभोवती रेंगाळलं. खोली पांढरी, भिंती कुठे संपतात कळेना. खरं सांगते, क्षणभर मलाही वाटलं, कुणीतरी वहाणा काढून आत आलंय. इन्ग्यूनं बापाच्या नावाचा कागद लावला, दारू ओतली, सारावरचं झाकण उचललं आणि तो तसाच थांबला. वास माझ्यापर्यंत आला. मूठभर लसूण असावा.

"आई, लसूण?"

माल्सुननं हात पुसले. "यायचं असेल तर पायांनी चालत येईल तो." मग अगदी हळू, "पुढच्या वर्षी लसूण नाही घालणार. एवढं एक वर्ष दे मला, पोरा."

मला तिचा राग आला, आणि रडूही फुटलं. इन्ग्यूनं मेणबत्ती विझवली, नावाचा कागद घडी करून खिशात ठेवला, दार लावून घेतलं. आम्ही तिघं तो भात कालवून जेवलो.

त्याला आता बरीच वर्षं झाली. इन्ग्यूच्या कानशिलांवर पांढरे केस आलेत. दर वर्षी त्या सकाळी तो येतो, बापाच्या नावाचा कागद लावतो, आईनं केलेल्या साराचं झाकण उचलतो, वास घेतो, लसूण असतोच, आणि आईचं पान वाढायला घेतो.