ठकी किती बोलली

तोरण्याखालच्या आमच्या वाडीत चार डोकी जमली की ठकीची गोष्ट निघतेच. एकाची संपत नाही तोवर दुसरा आपली पुढं सारतो. भोरात संस्थान होतं तेव्हाच्या ह्या गोष्टी, अन् लोक तिखटमीठ लावतात लई. म्हणून म्हटलं, खऱ्या तेवढ्या मीच लिहितो.

ठकी माझी नात. पाच वर्षांची झाली तरी नुसतं आँ, ऊँ. जावयानं माझ्या लेकीला, सखूला, पोरीसकट माहेरी आणून सोडलं. म्हणाला, "पोरगी बोलली की दोघींना न्हेतो. मुकी पोर आमच्या आंबवड्यात नको."

मी म्हटलं, "तू एवढा बोलतोस, काय उजेड पाडलास?"

•

घरच्यांना ठकीचं सगळंच कळायचं, म्हणून घरच्यांची साक्ष मी धरत नव्हतो. साक्ष म्हशीची. म्हशीला लाड ठाऊक नसतात.

ठकी दारातून चंद्रीला हाक मारायची, अन् चंद्री रवंथ करत बसून राहायची. एका उन्हाळ्यात हाक गेली अन् म्हशीनं मान वळवली. आमची म्हातारी रडायलाच लागली.

"रडतीस काय? म्हशीला कळलं. आता जावयालाबी कळंल."

•

म्हातारी मात्र घात करायची. पोरीनं बोट दाखवायच्या आत तांब्या हजर.

"तान लागलीया लेकराला."

"लागू दे. मागंल ती."

त्यावरून म्हातारीनं माझ्याशी अबोला धरला. ठकी आमच्या मधे येऊन बसली, म्हातारीची हनुवटी धरली अन् म्हणाली, "आजे, बोल."

•

वेल्ह्याच्या बाजारात वाणी ओळखीचा. ठकी दिसली की गुळाचा खडा हातावर ठेवायचा. एकदा मी तो उचलून परत ठेवला.

"तिला मागू दे."

"आबा, गिऱ्हाईक खोळंबलंय."

"खोळंबू दे."

मागच्या बाया मला शिव्या घालू लागल्या. ठकीचे ओठ हलले, थांबले, पुन्हा हलले. "मला गूळ दे."

वाण्यानं दिला. तिनं दुसरा हात पुढं केला. "आजीला."

बायांनी शिव्या थांबवल्या नाहीत, पण हळू दिल्या.

•

हे आंबवड्यापर्यंत पोचलं. दिवाळीच्या तोंडावर जावई आला, डोक्याला नवं पागोटं. सखूनं पोरीला सकाळपासून पढवलं होतं, "बाबा म्हण, बाई, बाबा म्हण." आता सखू दाराआड उभी, पदर तोंडाशी.

जावई अंगणात उकिडवा बसला. "ठके, म्या कोण? सांग बरं."

ठकीनं पागोट्यापासून पायताणापर्यंत त्याला नीट पाहिलं. मग एक अक्षर न अडखळता विचारलं,

"तुमी कुणाचं पावनं?"