सैल बांधलेली जाळी

ताणून बांधणे हा यांचा धर्मच. कपडे वाळवायची दोरी असो की मच्छरदाणी, कुठे झोळ दिसला की यांचे डोके उठते. मुलगी शाळेच्या बेसबॉल संघात गेली, तेव्हा दूर दक्षिणेत, मेलकावेरीतल्या आमच्या परसात सरावासाठी जाळी लावायची जबाबदारी यांनी आपणहून घेतली. मासे धरायची पातळ जाळी नको, चेंडू ती चार दिवसांत फाडील, म्हणून जाड नायलॉनची, बारीक घरांची आणली. नारळाच्या दोन झाडांमध्ये ती अशी ताणली की बोटाने वाजवून दाखवावी.

जाळी सैल हवी, चेंडूचा जोर तिच्यात मरायला हवा, हे आमच्या घरात कुणाला ठाऊक! लेकीने पहिलाच चेंडू जोरात हाणला, तो उसळून थेट तिच्या भुवईवर आला. टाके पडले. जखम भरली, पण पोरीने बॅट कोपऱ्यात ठेवली ती ठेवलीच. "कंटाळा आला," म्हणायची. भीती वाटते म्हणायला बापाकडून आलेला ताठा आडवा येत होता.

यांनी जाळी सोडून सैल बांधली, खालचा काठ जमिनीवर लोळेल इतकी. उन्हाने दोरा विरतो म्हणून रोज सकाळी उतरवायची, संध्याकाळी पुन्हा लावायची. खारीने कुरतडले की मी सांधून द्यायचे. कुणीच वापरत नसलेली ती जाळी बघून मला हसू यायचे.

सरस्वतीपूजेला आम्ही पुस्तके, माझी सुई, यांचे पेन देवीपुढे मांडतो. त्या दिवशी त्यांना हात लावायचा नाही. दुसऱ्या दिवशी मात्र ज्याने त्याने आपली वस्तू उचलून थोडे तरी काम करायचेच. यंदा यांनी गुपचूप बॅटही मांडली, चंदन-कुंकू लावून.

दुसऱ्या सकाळी मी दोन टाके घातले, यांनी चार ओळी लिहिल्या. लेक बॅटकडे बघत उभी होती.

"तुझी वस्तू राहिली, कण्णा," हे लाडाने हळूच म्हणाले.

"एकच हं, अप्पा."

परसात जाळी आज उतरवलेलीच नव्हती. यांनी बाजूला उभे राहून चेंडू हलकेच वर टाकला. तिने अंग चोरूनच बॅट फिरवली. चेंडू जाळीत शिरला, जाळी मागे सरली आणि तो मुकाट खाली पडला.

ती बघत राहिली. मग पाय रोवून म्हणाली, "आणखी एक टाका की."

चेंडू समोरच पडला होता. तरी हे आमच्याकडे पाठ करून वाकले आणि कितीतरी वेळ तो शोधत राहिले.