पाठीमागच्या खुर्चीसाठी केलेलं कारंजं

अंधेरी पूर्वेला एका कारखान्यात मी अठरा वर्षं सोल्डरिंग केलं. परदेशी जाणाऱ्या इलेक्ट्रॉनिक बोर्डांचं काम होतं. लांबच लांब टेबलं, प्रत्येकीच्या डोक्यावर पांढरी टोपी, मनगटाला अर्थिंगचा पट्टा, समोर भिंगाचा दिवा. बोर्ड डावीकडून यायचा, त्यावरचे माझे नऊ जॉइंट मी करायचे आणि तो उजवीकडे सरकवायचे. दहावा जॉइंट कोण करतं, कशासाठी करतं, हे मला कुणी सांगितलं नाही.

माझ्या मागच्या रांगेत, माझ्याकडे पाठ करून, ती बसायची. राहायला घाटकोपरला, मूळची कणकवलीकडची. कामाच्या वेळी बोलायला बंदी होती. म्हणून आम्ही खुर्च्या इतक्या मागे सरकवायचो की पाठीला पाठ टेकायची, आणि मान न वळवता हळू आवाजात बोलायचो. तिचा चेहरा मला जेवणाच्या सुट्टीत दिसायचा तेवढाच. तिच्या सासूचं आजारपण, माझ्या मुलीची परीक्षा, डब्यातली खारट भाजी, सगळं पाठीमागूनच कळायचं.

हे बोर्ड जातात कुठे, हा आमचा नेहमीचा विषय. एकदा तिने सुपरवायझरला सरळ विचारलं, "सर, हे कशाचं आहे?"

"मलाच माहीत नाही. वर पार्ट नंबर आहे ना? झालं तर मग."

तो गेल्यावर ती पुटपुटली, "वॉशिंग मशीन असणार." दुसऱ्या दिवशी म्हणाली, "गाणारी बाहुली असेल गं." मग कधी विमान, कधी लिफ्ट. आमच्या हातून गुलाबी पिशव्यांत भरून हजारो बोर्ड गेले असतील, पण त्यातला एकही आम्ही चालताना पाहिला नाही. एका दुपारी ती तिच्या मालवणीत म्हणाली, "आपण केलला कायतरी एकदा चलताना बघूक व्हया गो." मनातलं बोलायचं झालं की ती मालवणीवर यायची.

मग कारखाना बंद पडला. तिच्या सासूने अंथरूण धरलं होतं, म्हणून ती घाटकोपरची खोली सोडून गावी गेली. मी मुलुंडला, घरी. पहिल्या वर्षी दर रविवारी फोन व्हायचा. पुढे तिच्याकडे रेंज नसायची, माझ्याकडे पाहुणे असायचे. महिना महिना बोलणं व्हायचं नाही. मी स्वयंपाकघरात स्टुलावर बसून भाजी निवडायचे, तेव्हा कधीकधी पाठ आपोआप मागे जायची आणि ओट्याच्या कडेला लागायची.

दोन वर्षांपूर्वी नवऱ्याच्या गुडघ्यासाठी एका हॉस्पिटलात जावं लागलं. तिथे खाली बसायच्या जागेत एक कारंजं होतं, पण बंद. एक माणूस भिंतीतला डबा उघडून, हातात टॉर्च घेऊन उभा होता. आमचा नंबर यायला वेळ होता, म्हणून मी जवळ गेले. आत हिरवा बोर्ड होता. तो आम्ही केलेला नव्हता, आमच्याकडे असले मोठे रिले, म्हणजे पंप चालू-बंद करणारे स्विच, नसायचे. पण भिंगाखाली अठरा वर्षं काढलेला डोळा आपोआप जॉइंटवरच जातो.

"दादा, तो रिलेचा पाय बघा. डावीकडचा. भोवती गोल चीर पडलीय."

त्याने वळून मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तुम्हाला काय माहीत, ताई?"

"अठरा वर्षं हेच केलंय."

त्याने टॉर्च जवळ नेला. सोल्डरिंग आयर्न तापवलं आणि तो पाय नव्याने जोडला. झाकण लावून बटण दाबलं. आधी नळीत खळखळ झाली, मग एक धार उठली, तिच्याशेजारी दुसरी, मग तिसरी. सगळ्या एकदम खाली बसल्या आणि पुन्हा एकेक करून उभ्या राहिल्या. मी तिथेच उभी. आमचा नंबर पुकारला गेला, नवरा लंगडत एकटाच आत गेला, हेही मला कळलं नाही.

बाहेर येऊन मी तिला फोन लावला. चौथ्यांदा लागला. सगळं सांगितलं.

"खराच चललो?"

"चालला गं! पाणी असं नाचत होतं."

पलीकडे खरखर झाली. मला वाटलं, रेंज गेली. मग ती म्हणाली, "माका बघूक गावला असता तर..." आणि सासूने हाक मारली म्हणून तिने फोन ठेवला.

त्याच आठवड्यात मी कारंजं करायला घेतलं. नवरा म्हणाला, "अगं, विकतचं मिळतं की! प्लग लावला की झालं."

"विकतचं नकोय मला."

नवऱ्याने खांदे उडवले, पण ग्रँट रोडच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या गल्लीत माझ्याबरोबर आला. एक छोटा मायक्रोकंट्रोलर बोर्ड आणला, सहा लहान पंप, ट्रान्झिस्टर, वायरी. कपडे भिजवायचा निळा टब होताच. धारा बारीक याव्यात म्हणून बॉलपेनची टोकं कापून नळ्यांना बसवली. सोल्डरिंग एका दुपारी झालं. इतक्या वर्षांनी सोल्डरमधल्या राळेचा तो वास नाकात गेला, आणि मी दोनदा तिला काहीतरी सांगायला तोंड उघडलं.

अडलं ते प्रोग्रामवर. कुठला पंप कधी चालू, कधी बंद, हे बोर्डाला लिहून द्यावं लागतं, आणि ते इंग्रजीत. मुलगी लग्न होऊन नाशिकला गेली, तिचा जुना लॅपटॉप घरात पडून होता. त्यावर हिंदी व्हिडिओ बघत, थांबवत, वहीत उतरवत मी शिकले. एक महिरपी कंस राहिला तर सगळंच अडून बसायचं. तो एक कंस शोधण्यात माझी अख्खी दुपार जायची. पण मला त्याचा कंटाळा आला नाही. नऊ जॉइंटांपुरतं माहीत असलेल्या बाईला आता दहावा कशासाठी, अकरावा कशासाठी, सगळं कळत होतं.

पहिल्यांदा गॅलरीत टब भरून चालू केलं, तर सहाही पंप एकदम सुरू झाले की बोर्ड बंद पडायचा, परत सुरू व्हायचा, परत बंद. पाण्याला उचकी लागल्यासारखं. खालच्या मजल्यावरच्या काकू ओरडल्या, "अहो, आमची चादर भिजली ना!" पंपांना वेगळा सप्लाय दिला तेव्हा उचकी थांबली. मग धारांची उंची, वेळ, क्रम यांत आणखी दोन महिने गेले. कडेच्या चार धारा एकामागून एक उठायच्या. मधल्या दोन मात्र मी बरोबरच उठवल्या आणि बरोबरच बसवल्या. का, ते कुणाला सांगितलं नाही.

तिला व्हिडिओ पाठवला. तो तिच्या फोनवर उघडलाच नाही. आणखी दोनदा पाठवला. मग मी तो नाद सोडला.

गेल्या दिवाळीनंतर तिचा स्वतःहून फोन आला. पुतणीच्या साखरपुड्याला बोरीवलीला येणार होती. "तुझ्याकडे एक रात रवतंय," म्हणाली. मी गाद्यांना ऊन दाखवलं, तिला आवडायचे तसे तांदळाचे घावणे करायचं ठरवलं, आणि टब घासूनपुसून दोन दिवस आधीच भरून ठेवला. दुसऱ्या दिवशी डासांच्या तपासणीला पालिकेची माणसं आली, म्हणून तो रिकामा करून पुन्हा भरावा लागला.

ती आली ती दुपारी, दोन तासांसाठी. सासूला सांभाळायला ठेवलेल्या बाईचा निरोप आला होता, म्हणून त्याच संध्याकाळच्या बसने निघायचं होतं. केस पांढरे झाले होते, चष्मा जाड. मी तिला ओळखलं ते जिन्यातून तिचा आवाज आला तेव्हा.

केलेले घावणे तसेच झाकून ठेवले. तिला थेट गॅलरीत नेलं आणि बटण दाबलं. धारा उठल्या, बसल्या, पुन्हा उठल्या. मी तिच्याकडे बघत होते. तिने मिनिटभर पाणी पाहिलं आणि म्हणाली, "बोर्ड खय आसा? माका बोर्ड दाखव."

मी कारंजं बंद केलं, बोर्डाचा डबा उघडला. तिने बोर्ड उलटा केला, चष्मा कपाळावर सारला आणि डोळ्यांच्या अगदी जवळ धरून एकेक जॉइंट पाहिला. अंगठ्याने हळूच चाचपला.

"हयसर एक ड्राय आसा."

"कुठे? शक्यच नाही!"

"ह्यो बघ."

खरंच होता, वरून धरलेला, आतून सुटा. मी आयर्न तापवलं आणि तिच्या हातात दिलं. तिने तो जॉइंट केला. एका श्वासात, पूर्वीसारखाच, चकचकीत. मग मी परत चालू केलं आणि आम्ही खाली फरशीवर बसलो. ती आता पाणी बघत होती. कितीतरी वेळ. मग पदराने डोळे पुसून म्हणाली, "एवढा सोपा होता गो? आणि आपल्याक कोणी एकदा दाखवला नाय."

मी सरकून तिच्या मागे बसले आणि पाठ टेकवली. ती हसली, पण बोलली मात्र तशीच, समोर बघत. सासूचं, मुलाच्या नोकरीचं, विहिरीच्या पाण्याचं. तिची पाठ आता वाकलीय, पूर्वीच्या जागी टेकत नाही. तरी तासभर आम्ही तशाच बसलो होतो.

बोरीवलीला बसपर्यंत मी गेले. पिशवीत घावणे बांधून दिले होते, ते तिने मांडीवर घेतले. खिडकीतून म्हणाली, "मे महिन्यात तू ये. आमच्या व्हाळात पाणी आपसूक उडता, बटण नको." मी "येते, येते, तुझा ओढा बघायला येते" म्हणत राहिले, बस सुटली तरी.

मेचं तिकीट काढलं होतं. नेमकं तेव्हाच नवऱ्याच्या दुसऱ्या गुडघ्याचं ऑपरेशन निघालं आणि ते रद्द करावं लागलं. तिला फोनवर सांगितलं, तर म्हणाली, "आधी त्यांका बघ. व्हाळ खय पळान जातलो?" आता नवरा काठी घेऊन घरातल्या घरात फिरतो. गणपतीनंतर जमेल असं म्हणतो. मी रोज विचारते, आज किती पावलं झाली.