कानातल्याची मागची बाजू

मंडळी, आत्ताच घरी आलेय आणि अजून किळस जात नाहीये, म्हणून इथेच ओकते.

सांता क्लारातल्या क्राफ्ट फेअरला आज मी, लेक ईशा आणि मैत्रीण मंजिरी गेलो होतो. एका स्टॉलवर मेक्सिकोचे एक म्हातारे कारागीर केसाएवढी बारीक चांदीची तार चिमट्याने वळवून कानातले घडवत होते. कसला हात होता यार! इंग्लिश मात्र जेमतेम.

मंजिरीने कॅमेरा काढला. "ईशा, तुला शाळेत स्पॅनिश आहे ना? फोटो काढू का, विचार."

ईशाने अडखळत विचारलं. आजोबा इतके खूश झाले, की कानातलं उचलून उजेडात धरलं.

"मागूनही दाखवा म्हणावं," मंजिरी तिला म्हणाली.

त्यांनी उलटं करून दाखवलं, अगदी प्रत्येक जोड दिसेल असं. मागची बाजू कधी कुणी बघतच नाही म्हणाले, आणि वर ईशालाच ‘ग्रासियास’, म्हणजे थँक यू!

आम्ही काही न घेता निघालो. गाडीत बसल्यावर मंजिरी म्हणते, "झालं काम! पुण्याच्या आमच्या सोनाराला फोटो ईमेल करते. डिट्टो करून देतो तो."

शी! चोरी करायची ती करायची, आणि तीही माझ्या पोरीच्या तोंडून? आणि मी बाई वर तिला घरापर्यंत सोडून आले.

मंजिरीला सोडल्यावर ईशा हळूच म्हणाली, "आई, बट ही थँक्ड मी."

तुम्ही काय सांगितलं असतं तिला?

आणि मंजिरी, तूही याच ग्रुपवर आहेस. माझं जाऊ दे, ईशाला उत्तर तू दे.