उपाशी गेलेले पाहुणे

तुमच्या दारात तीन बंदूकवाले उभे राहून जेवण मागताहेत आणि आत चुलीवर मंटू, खिमा भरलेल्या मोदकांसारखे, वाफेला लावलेले आहेत. काय कराल? घाईने उत्तर देऊ नका. माहगुल खालाने दिलं, आणि आपल्या हाताने आपलं घर बुडवायला निघाली.

काबूलला ती पोलीस बायकांचे गणवेश शिवायची. शहर तालिबानच्या हाती पडलं तेव्हा विमानतळावरच्या चेंगराचेंगरीत ती विमानात चढली आणि नवरा गौसुद्दीन फाटकाबाहेर राहिला. आता अमेरिकेत, सॅक्रामेंटोतल्या आमच्या गल्लीत, तिच्या सुईला उसंत नसते. पण राहण्याचा परवाना तात्पुरता. आश्रयाचा अर्ज मंजूर झाला तरच पुढे कायमचं राहता येणार, आणि तरच गौसुद्दीनला बोलावता येणार. त्याआधी अधिकाऱ्यासमोर मुलाखत.

तिची तालीम वजमा घेत होती. ही वकील, आपलीच पोरगी, पण इथं वाढलेली.

"खाला, हत्यारबंद लोकांना कधी जेवू घातलंत?"

"घातलं की. शहर पडल्यावर तालिब आले होते. पोटभर मंटू, वर दही, वर पुदिना. माझ्या दारातून उपाशी कुणी गेलेलं नाही."

वजमाने कपाळाला हात लावला. "झालं. हे तिथं बोललात की अर्ज अडकला. त्यांना जेवण देणं म्हणजे इथल्या कायद्यात दहशतवाद्यांना मदत करणं."

"भुकेल्याला घास दिला तर गुन्हा? कुणी लिहिला हा कायदा? त्याला आई नव्हती?"

"मलाही नाही पटत. पण धाकाने दिलंत ना?"

"धाक कसला. पाहुणे होते." खालाची मान ताठ.

तेवढ्यात काबूलहून गौसुद्दीनचा फोन आला. वजमाने त्यालाच विचारलं. तो आधी हसला, मग खोकला, मग पुन्हा हसला.

"हिने? अहो वकीलबाई, हिने त्यांना पाणीसुद्धा विचारलं नाही. दाराआडून म्हणाली, घरात काही शिजलेलं नाही. गल्लीभर वास सुटलेला. त्यात मी आतून विचारलं, अगं, दही कुठं ठेवलंस? तर त्यांना सांगते, नवरा तापात बरळतोय, साथीचा ताप आहे. पळाले बिचारे."

"तुम्ही गप्प बसा," खाला म्हणाली. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

"खाला, हेच सांगायचं. जसंच्या तसं," वजमा म्हणाली.

"दुभाषा म्हणून नूरआगा नानवाई येणार. त्याच्यासमोर? तंदूर विझतो त्याचा, तोंड नाही विझत. दारातून पाहुणे उपाशी घालवले म्हणून सांगू?"

"अब्रू हवी की नवरा?"

खाला इतका वेळ विचार करत राहिली की फोनमधून आवाज आला, "अगं, मी ऐकतोय."

मुलाखतीत खालाने भिंतीकडे बघत सगळं सांगितलं. दह्यापाशी नूरआगाला हसू आवरेना, भाषांतर अडकलं. अधिकारी बाईंनी एवढंच विचारलं, "वास खरंच बाहेर जात होता?"

"जात होता. खुदा माफ करो."

अर्ज मंजूर झाला. नूरआगाने तोंड न उघडण्याची शपथ घेतली होती, ती तंदूरापर्यंत टिकली. आता येणारा-जाणारा खालाच्या दारावर थाप मारून विचारतो, "खाला, आज तरी काही शिजलंय का?" ती शिव्या घालते आणि प्रत्येकाला आत ओढून जेवू घालते. गौसुद्दीनचे कागद पुढे सरकलेत. दह्याचं भांडं तिने आतापासूनच समोर, त्याच्या हाताला लागेल असं मांडलंय.

पण तिच्या दस्तरखानावर जेवायला बसलेल्या अर्ध्या जणांचे परवाने अजून तात्पुरतेच आहेत. यांच्यातल्या काहींनी दार उघडलं होतं, जिवाच्या भीतीने का होईना, घास दिला होता. त्यांनी काय सांगायचं? या सगळ्यांना कायमचं राहू देणाऱ्या कायद्याची नुसती चर्चा चालते, आणि तो होत काही नाही. तुमचा भाचा, पुतणी, वर्गमित्र, कुणी ना कुणी अमेरिकेत मत देतच असेल. आज त्याला फोन लावा. ख्यालीखुशाली झाली की सांगा, तुझ्या खासदाराला विचार, हा कायदा कधी करताय? आणि उत्तर मिळेपर्यंत विचारत राहा म्हणावं.