पडद्याखाली

डॉक्टरांनी वडिलांच्या उजव्या बरगडीखाली बोट दाबलं. ‘‘सबडायफ्रॅग्मॅटिक गाठ आहे.’’

आईने विचारलं, ‘‘म्हणजे कुठं हो?’’

‘‘श्वासाच्या पडद्याखाली. लिव्हरमध्ये.’’

‘‘म्हणजे पोटात. काळजात नाही ना?’’ तिचा जीव भांड्यात पडला. डॉक्टर हात धूत राहिले.

डॉक्टरी शब्द निर्दय असतात म्हणे. मला आपली भाषा जास्त निर्दय वाटते. ती काळीज छातीत ठेवते, तिथंच धडधडवते, आणि आपण आयुष्यभर त्यावर विश्वास ठेवतो.

येताना आई मटणाच्या दुकानात थांबली. ‘‘काळीज द्या. यांच्या अंगात रक्त भरेल.’’

खाटकाने टांगलेल्या बोकडाच्या बरगड्यांखालचा पातळ पडदा सुरीने फाडला आणि त्याच्याखालून काळीज काढून तिच्यासमोर ठेवलं.

आईने ते उलटून पाहिलं. ‘‘किती स्वच्छ आहे,’’ ती म्हणाली.